कढईचा आवाज ऐका

(पडदा काळा. फक्त आवाज: चर्रर्र.)

हा आवाज नीट कानात साठवून घ्या. गरम लोखंडाला ओलं मांस टेकलं आणि त्यातलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन उडालं, त्याचा हा आवाज. तो चालू आहे तोवर पोर्क भाजलं जातंय. तो मंदावून खालून खदखद ऐकू यायला लागली, की ते स्वतःच्याच पाण्यात उकडतंय, असं समजायचं.

(दृश्य: ओट्यावर मांस, भाज्या, सुरी.)

आज पोर्क आणि भाज्या मोठ्या आचेवर परतायच्या आहेत. दोन माणसांसाठी २५० ग्रॅम पोर्क. सोबत गाजर, फरसबी, सिमला मिरची, पातीचा कांदा, आलं, लसूण. आचेवरचं काम सहा-सात मिनिटांचं, पण त्याआधी अर्धा तास सुरी चालणार आहे. हा हिशेब मी आधीच सांगून ठेवते, कारण ‘झटपट’ हा शब्द वाचून बरेच जण पहिल्यांदा गॅस पेटवतात आणि मग कढई धुराळत असताना गाजर चिरत बसतात.

चिनी स्वयंपाकात या परतण्याला ‘छाओ’ म्हणतात. ‘स्टर-फ्राय’ हे त्याचं इंग्रजी नाव १९४५ साली अमेरिकेत निघालेल्या एका पाककृतींच्या पुस्तकातून रूढ झालं. ते लिहिणाऱ्या बाई चिनी होत्या आणि पेशाने डॉक्टर. नाव नवं असलं तरी पद्धत फार जुनी. बारीक चिरायचं आणि मोठ्या आचेवर सतत हलवत ठेवायचं, एवढीच ती. चिरण्याला इतकं महत्त्व का, तर तुकड्याची जाडी निम्मी केली की उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ साधारण पावपट होतो. म्हणजे जो वेळ तुम्ही सुरीला देता, तो कढईत कितीतरी पटींनी वाचतो.

(दृश्य: जवळून, मांसावरचे धागे.)

मांस तीस-चाळीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. दगडासारखं झालेलं नाही, फक्त आवळलंय. आता सुरी घसरत नाही आणि तीन मिलिमीटरचे काप सहज निघतात. हे धागे कोणत्या दिशेला धावतात ते बघा, आणि त्यांना आडवं कापा. लांब धागा दाताला ओढावा लागतो, आखूड धागा चावताच सुटतो. पाठीच्या कण्याखालचा टेंडरलॉइनचा भाग सर्वात मऊ, कारण त्या स्नायूला फारसे कष्ट नसतात. मला मात्र खांद्याचं मांस आवडतं. त्यात चरबीच्या बारीक रेघा असतात आणि खरी चव तिथेच असते.

मांस नळाखाली धुवायचं नाही, शिंतोड्यांबरोबर जंतू सगळ्या ओट्यावर पसरतात. फळी आणि सुरी मात्र साबणाने धुवून मगच भाज्यांना लावा.

कापांना एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा पाणी, छोटा चमचाभर कॉर्नफ्लॉर आणि मिरपूड. हाताने चोळा, पाणी मुरू द्या, शेवटी चमचाभर तेल. कॉर्नफ्लॉर उष्णतेने फुगून प्रत्येक कापावर पातळ, बुळबुळीत आवरण धरतं. आतला रस टिकतो आणि पुढे सॉसही याच आवरणाला चिकटतो. तेलामुळे काप कढईत एकमेकांपासून सुटे होतात. पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

तोवर भाज्या. फरसबी मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढली आहे, नाहीतर ती कच्ची राहते. मग सगळ्या भाज्या फडक्याने पुसून कोरड्या. या पुसण्याचा कंटाळा करू नका, भाजीवरचं पाणी कढईची धग खाऊन टाकतं. वाटीत दोन मोठे चमचे सोया सॉस, चार चमचे पाणी, चिमूटभर साखर, अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लॉर कालवून तयार ठेवा.

(दृश्य: रिकामी लोखंडी कढई, खाली मोठी आच.)

कढई आधी कोरडीच तापवायची. नॉनस्टिक भांडं असेल तर मात्र रिकामं तापवू नका. पाण्याचा थेंब टाकला की तो टणाटण उड्या मारत पळाला पाहिजे. आता तेल. चिनी स्वयंपाकी सांगतात, ‘गरम कढई, थंड तेल’. मांस चिकटत नाही ते यामुळे.

निम्मंच मांस घाला. निम्मंच. मी पहिल्यांदा अर्धा किलो एकदम ओतलं होतं. आवाज दोन सेकंदांत बसला, कढईत राखाडी पाणी साचलं, आणि ते आटेपर्यंत मांस चिवट झालं. घरच्या शेगडीला तेवढी ताकद नसते. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि मांसावर तो खमंग तपकिरी रंग झपाट्याने चढायला १४० अंश तरी लागतात.

(आवाज: चर्रर्र, सलग.)

काप पसरा आणि अर्धा मिनिट हात लावू नका. कडा तपकिरी झाल्या की उलथण्याने उलटा, आणखी अर्धा मिनिट, काढून ठेवा. पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी आतून ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती ही मान्य मर्यादा आहे. इतक्या पातळ कापात थर्मामीटर खुपसता येत नाही, म्हणून एक काप तोडून बघा, आत कच्चा गुलाबी रंग नको. उरलेलं मांसही असंच.

त्याच कढईत थोडं तेल, गाजर आणि फरसबी, दोन मिनिटं. मग सिमला मिरची, मिनिटभर. लसूण आणि आलं आत्ता, आधी घातलं असतं तर जळून कडू झालं असतं. मांस परत आत. वाटीतला सॉस पुन्हा ढवळा, कॉर्नफ्लॉर तळाशी बसलेलं असतं, आणि तो मधोमध न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. ऐका, किती जोरात उसळला! वीस-तीस सेकंदांत त्याला चकाकी येते. कांद्याची पात टाका, आच बंद.

भात आधीच वाढलेला हवा. हे ताटात उतरतं तेव्हाही चुरचुरत असतं.