नऊपैकी नऊ जिंकले आणि घरी गेले

नमस्कार मंडळी. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याचं नाव ऑली मॅटसन. नाव लक्षात ठेवा, ऑली मॅटसन, कारण आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही आणि अमेरिकेतसुद्धा आता जुन्या लोकांनाच आठवतं. १९५२ च्या जुलैमध्ये या माणसाने ऑलिम्पिकमध्ये दोन मेडल जिंकली, आणि दोन महिन्यांत अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, खेळायला उतरला. धावपटू पण तोच, फुटबॉलर पण तोच.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. लांबुळका चेंडू, डोक्यावर हेल्मेट, धक्काबुक्की. त्यात रनिंग बॅक म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसणारा गडी, आणि मॅटसन तोच. आपल्या कबड्डीतला रेडर डोळ्यापुढे आणा, फक्त पकडायला येणारे अकरा जण आणि एकेकाचं वजन शंभर किलोच्या आसपास. बास, एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

मॅटसन जन्मला टेक्सासमध्ये, १ मे १९३० ला, ट्रिनिटी नावाच्या छोट्या गावात. कृष्णवर्णीय कुटुंब. पुढे सगळे सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि हा तिथल्या शाळेत पळायला लागला. चारशे मीटर ही त्याची रेस, तेव्हा ४४० यार्ड असायची. आता चारशे मीटर ज्यांनी पळून बघितलीय त्यांना माहितीय ती काय चीज आहे, शंभर मीटरसारखा जीव खाऊन पळायचं पण चारपट अंतर, शेवटच्या ऐंशी मीटरला पाय आपले राहत नाहीत. आणि हा पोरगा अंगाने काय, सहा फूट दोन इंच उंच आणि वजन दोनशे पौंडांच्या वर. एवढ्या वजनाचे चारशे मीटरवाले फार नसतात हो.

तर हेलसिंकी ऑलिम्पिक, १९५२. चारशे मीटर फायनलला जमैकाचे तिघे, रोडन, मॅकेन्ली आणि विंट, जगात नंबर एकचे लोक. रोडन आणि मॅकेन्ली दोघांची वेळ सारखीच लागली, ४५.९ सेकंद, सोनं रोडनला, चांदी मॅकेन्लीला. आणि तिसरा आला मॅटसन, ४६.८ सेकंदात. त्याच्या मागे कोण होतं बघा, आर्थर विंट, म्हणजे १९४८ चा चॅम्पियन, आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये आठशे मीटरचं सोनं जिंकलेला मॅल व्हिटफिल्ड. या दोघांना मागे टाकून फुटबॉलवाला तिसरा आला. मग चार बाय चारशेच्या रिलेमध्ये अमेरिकेसाठी पहिला पळाला तो मॅटसनच. जमैका जिंकली ३ मिनिटं ३.९ सेकंदात, अमेरिका ३ मिनिटं ४ सेकंदात. एका सेकंदाच्या दहाव्या भागाने सोनं गेलं. आणि दोन्ही टीमनी जुना वर्ल्ड रेकॉर्ड मोडला, जो वीस वर्षं टिकला होता.

आता याच हेलसिंकीत, मॅटसनच्या फायनलच्या दोनच दिवस आधी, २३ जुलैला, आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्य जिंकले होते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. तेच शहर, तोच आठवडा, दोघांचं मेडल पण कांस्यच. मला एक सांगायचंय, आपल्याकडे कांस्य मिळालं की लगेच "सोनं हुकलं" अशी हेडलाईन लागते, ती बंद व्हायला पाहिजे. जगात तिसरा येणं म्हणजे काय हे ज्याने जिल्हा पातळीवर तिसरा यायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. असो, परत मॅटसनकडे.

आता मला जी गोष्ट सांगायचीय ती ऑलिम्पिकच्या आधीच्या वर्षाची. १९५१. नीट ऐका, कारण सगळा माणूस या गोष्टीत आहे.

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. जेझुइट पाद्र्यांचं छोटं कॉलेज, टेकडीवर. फुटबॉल टीम होती पण पैसा नव्हता, घरचे सामने केझार स्टेडियमवर व्हायचे, गर्दी बेताची, आणि फुटबॉलमुळे कॉलेज कर्जात चाललेलं. कोच जो कुहारिच, अतिशय कडक माणूस, पोरांना घाम काढून काढून तयार केलेलं. टीममध्ये कोण कोण होतं बघा. जिनो मार्केट्टी, इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष लढून आलेला, म्हणजे टीममधली इतर पोरं शाळेत होती तेव्हा हा बर्फात बंदूक घेऊन फिरून आलेला. बॉब सेंट क्लेअर, सहा फूट नऊ इंच उंच, कच्चं मांस खायचा, खरंच सांगतो, त्यासाठी प्रसिद्धच होता. आणि टीमची पब्लिसिटी बघायला, पेपरवाल्यांना फोन करायला, एक पंचविशीतला पोरगा होता, पीट रोझेल. हे नाव पण लक्षात ठेवा, रोझेल, पुढे लागणार आहे.

आणि या टीममध्ये दोन कृष्णवर्णीय खेळाडू. एक आपला ऑली मॅटसन, दुसरा बर्ल टोलर. दोनच.

त्या सीझनला ही टीम नऊ सामने खेळली आणि नऊच्या नऊ जिंकली. परत सांगतो, नऊपैकी नऊ. मॅटसनने त्या वर्षी १,५६६ यार्ड पळून काढले आणि २१ टचडाऊन केले, म्हणजे एकवीस वेळा चेंडू पार समोरच्या टोकाला पोचवला, अख्ख्या अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये सगळ्यात जास्त. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्ध सामना झाला, ३२–२६ जिंकले, त्यात मॅटसनने समोरच्यांनी मारलेला चेंडू आपल्या टोकाला पकडला आणि नव्वद यार्डांवर पळत जाऊन पार समोरच्या टोकाला नेऊन ठेवला. आणि एकदा नाही, त्याच सामन्यात दोनदा. अकरा माणसं तुमच्याकडे धावत येतायत, तुम्हाला त्यांच्यामधून वाट काढायचीय, आणि एकदा का वाट सापडली की पुढे पळणारा चारशे मीटरचा धावपटू आहे, पकडणार कोण? इथे त्याचं ट्रॅकवरचं पळणं कामाला यायचं, सुटला की सुटला.

एवढं करून देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचं हाइझमन पारितोषिक त्याला मिळालं का, तर नाही. मतदानात तो नववा आला. सगळ्यात जास्त यार्ड, सगळ्यात जास्त टचडाऊन, आणि नववा.

आता सीझन संपला की अमेरिकेत बाउल गेम असतात. म्हणजे चांगल्या टीमना निमंत्रण देऊन मोठ्या स्टेडियममध्ये सामने, हजारोंची गर्दी, आणि कॉलेजला भरपूर पैसे. ऑरेंज बाउल त्यातलाच एक, दक्षिणेत मायामीला. नऊपैकी नऊ जिंकलेल्या टीमला निमंत्रण येणारच, कॉलेजला वाटलं चला, कर्ज फिटेल, टीम वाचेल. शेवटचा सामना लॉस एंजेलिसकडच्या लोयोला कॉलेजशी, तो पण २०–२ जिंकले.

आणि मग निरोप आला. दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा गोरे वेगळे, काळे वेगळे. शाळा वेगळ्या, नळ वेगळे, बसमधल्या सीट वेगळ्या. निरोप असा की तुमची टीम येऊ दे, पण ते दोघं नकोत. मॅटसन आणि टोलरला घरी ठेवा आणि बाकीचे या.

कुहारिचने पोरांसमोर हे मांडलं. तुम्ही त्या पोरांच्या जागी स्वतःला उभं करा. वीस-बावीस वर्षांची पोरं, मिडल क्लास, कामगारांच्या घरची. अख्खं आयुष्य जे स्वप्न बघितलं ते समोर आहे, मोठ्या स्टेडियमवर खेळायचं, रेडिओवर नाव येणार. आणि ही टीम वाचण्याचा तो एकमेव मार्ग आहे हे पण दिसतंय. ज्यांना घरी ठेवायचंय ते फक्त दोन. बाकीचे तीसेक जण जाऊ शकतात.

त्या पोरांनी नाही म्हटलं. मतदानसुद्धा घ्यायला लागलं नाही. चर्चा नाही, हात वर करणं नाही, कुणी कोपऱ्यात जाऊन कुजबुजलं नाही. सगळे जाणार नाहीतर कुणीच नाही. सगळे जाणार नाहीतर कुणीच नाही, हेच त्यांचं म्हणणं.

आणि म्हणून कुणीच गेलं नाही. ऑरेंज बाउलला दुसऱ्याच टीम खेळल्या, जॉर्जिया टेक आणि बेलर. आणि ते जे बाउलचे पैसे येणार होते ते न आल्यामुळे कॉलेजने फुटबॉलच बंद केला. त्या सीझननंतर बंद. म्हणजे या पोरांनी फक्त एक सामना सोडला नाही, आपली टीमच सोडून दिली, आणि परत त्यांना एकत्र खेळायला कधी मिळालं नाही. पुढे अमेरिकेत या टीमला एक नाव पडलं, न हरलेली, न बरोबरी झालेली आणि न बोलावलेली टीम. पन्नासेक वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच कॉलेजने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

मी ही गोष्ट जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा कुणीतरी विचारतं की मॅटसन काय बोलला. आणि मला वाटतं हा प्रश्नच उलटा आहे, बोलायचं काम बाकीच्यांचं होतं, आणि ते त्यांनी केलं. आपल्या शाळांमध्ये मुलांना टीम स्पिरिट शिकवायला पोस्टर लावतात, पण पीटीच्या तासाला गणिताचे सर येऊन बसतात आणि मैदानावर लग्नाचा मंडप. मैदान द्या पोरांना, बाकी ती शिकतात. आणि अजून एक, पोराला सहाव्या वर्षी एकाच खेळाच्या ॲकॅडमीत टाकून मोकळं व्हायचं हे जे चाललंय ते मला पटत नाही. मॅटसनचं फुटबॉल ट्रॅकने बनवलं आणि ट्रॅक फुटबॉलने. दोन्ही खेळू दे त्याला, कबड्डी पण खेळू दे.

तर पुढे काय झालं ते पटापट सांगतो. एनएफएलच्या शिकागो कार्डिनल्स टीमने मॅटसनला १९५२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे त्यात, पहिल्या फेरीत घेतलं, हेलसिंकीहून येऊन तो थेट खेळला आणि त्या वर्षीच्या नवोदितांमध्ये सर्वोत्तम ठरला, तो मान ह्यू मॅकेल्हेनीबरोबर वाटून घ्यावा लागला. १९५३ आर्मीत गेलं. मग कार्डिनल्सकडेच १९५८ पर्यंत, आणि जवळजवळ दरवर्षी प्रो बाउल, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना. टीम मात्र कायम हरणारी. बहुतेक सीझन हरणाऱ्या टीमबरोबर काढले त्याने, पण पळायचं थांबवलं नाही.

आणि आता तो रोझेल. पीट रोझेल, पब्लिसिटीवाला, तो १९५९ पर्यंत एनएफएलच्याच लॉस एंजेलिस रॅम्स टीमचा जनरल मॅनेजर झाला होता. आणि त्याने मॅटसनला आणण्यासाठी कार्डिनल्सना काय दिलं ऐका, सात खेळाडू, ड्राफ्टमधली एक निवड आणि नंतर द्यायचा आणखी एक खेळाडू. नऊच्या बदल्यात एक. तेव्हा सगळे खवळले, पेपरात लोकांनी रोझेलला नावं ठेवली, आणि त्या वर्षी रॅम्स बारापैकी दोनच सामने जिंकले. पण मी रोझेलला दोष देत नाही, ज्याने ते नऊ सामने डोळ्यांनी बघितले होते तो असा सौदा करणारच. पुढच्याच वर्षी, १९६० ला, रोझेल एनएफएलचा कमिशनर, म्हणजे अख्ख्या लीगचा प्रमुख, झाला आणि तीसेक वर्षं होता.

मग मॅटसन एक वर्ष डेट्रॉईटला, आणि शेवटची तीन वर्षं फिलाडेल्फियाला, १९६६ पर्यंत. तिथला कोच कोण, तर तोच जो कुहारिच. चौदा सीझन खेळला, आणि रिटायर झाला तेव्हा पळणं, कॅच, किक परत आणणं सगळं मिळून यार्डांमध्ये त्याच्यापुढे एकटा जिम ब्राऊन होता. १९७२ ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. मार्केट्टी आणि सेंट क्लेअर पण तिथेच गेले, आणि रोझेलही. एका न बोलावलेल्या कॉलेज टीममधून चार माणसं.

शेवट वाईट झाला, ते लपवून चालणार नाही. डोक्याला सतत धक्के बसून मेंदूचा जो आजार होतो तो त्याला झाला होता. शेवटच्या काही वर्षांत तो बोलेनासा झाला, १९ फेब्रुवारी २०११ ला लॉस एंजेलिसमध्ये गेला, आणि नंतर मेंदूची तपासणी झाली तेव्हा आजार फार पुढे गेलेला निघाला. फुटबॉलच्या चाहत्यांनी हे पण ऐकलं पाहिजे, नुसते टचडाऊन ऐकून भागत नाही. पोराला तो खेळ खेळवणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे माहीत असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बर्ल टोलर? त्याचा गुडघा १९५२ च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनीय सामन्यात गेला आणि प्रोफेशनल खेळायचं राहून गेलं. शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत शाळेचा मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये एनएफएलच्या मैदानावर उभा राहिलेला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. १९८० च्या सुपर बाउलला, म्हणजे एनएफएलच्या फायनलला, पण पंच म्हणून होता. त्याच्यावर स्वतंत्र बोलायला हवं, पुढच्या खेपेला बोलू. नमस्कार.