भिजणं वेगळं, गारठणं वेगळं

नमस्कार. येत्या जुलैत राजगडावरून तोरण्याला चालत जाणारे किती जण आहेत, असं मघाशी विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर झाले. म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवतो आणि पावसातल्या एकाच दिवसाबद्दल बोलतो. रेंज ट्रेकमधला, म्हणजे एका गडावरून दुसऱ्या गडावर डोंगररांगेने काही दिवस चालत जाण्यातला, दुसरा दिवस. पहिल्या दिवशी अंगात जोर असतो, शेवटच्या दिवशी घराची ओढ असते. मधल्या दिवशी पाऊस लागला की ना पुढचं गाव जवळ, ना मागचं.

आधी पाऊस किती, ते समजून घेऊ. आपण पुण्यात राहतो आणि पुण्याचा पाऊस बघून सॅक भरतो, तिथेच पहिली चूक होते. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो, वर चढतो, चढता चढता थंड होतो आणि बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकून देतो. आपल्यापर्यंत येतो तो उरलासुरला. जुलै २०२४ मधला तो दिवस आठवा. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं होतं, लोकांना होडीतून काढावं लागलं. त्या २४ तासांत शिवाजीनगरला पाऊस पडला ११४ मिलिमीटर आणि घाटमाथ्यावरच्या ताम्हिणीला ५५६. एवढासा प्रवास, आणि पाऊस जवळजवळ पाचपट. तेव्हा स्वारगेटला आभाळ भुरभुरतंय म्हणून वेल्ह्याच्या डोंगरातही तेवढंच असेल, असं धरून चालू नका.

आता माझी गोष्ट सांगतो. बरीच वर्षं झाली, पण त्यातली चूक माझी होती आणि ती मला तुमच्यापुढे मांडायची आहे.

आम्ही सहा जण होतो. रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला आणि सकाळी संजीवनी माचीवरून, अळू दरवाजातून बाहेर पडून तोरण्याकडे जाणारी डोंगराची धार धरली. कोरड्या दिवसात ही चाल सात-आठ तासांची. त्या दिवशी ढग इतके खाली होते की पुढच्या माणसाची सॅक तेवढी दिसायची. पाऊस सरळ पडतच नव्हता, डाव्या अंगाने आडवा मारत होता. पोंचो वाऱ्याने शिडासारखे फुगत होते. आमच्यातल्या एका मुलाचा पोंचो तासाभरातच बगलेपासून खालपर्यंत फाटला. वय पंचवीसच्या आत, अंगाने दणकट, गटात सगळ्यात तयारीचा तोच. अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स. निघताना मी ते पाहिलं होतं आणि काही बोललो नव्हतो.

सुरुवातीला तो गात होता. मग गाणं थांबलं. मग बोलणं थांबलं. मला वाटलं, दमला असेल. एका ठिकाणी आम्ही पाच मिनिटं टेकलो. त्याला सॅकमधून चिक्की काढायची होती. सॅकची क्लिप असते ना, दोन्ही बाजूंनी दाबली की सुटते, ती त्याला दाबता येईना. बोटं क्लिपवर होती, पण बोटांत जोर नव्हता. त्याने तीनदा प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवून नुसता क्लिपकडे बघत बसला. मी विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?" "बराय," म्हणाला. पण तो शब्द जिभेवरून घसरत आला, पेंगुळलेल्या माणसासारखा.

मी तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, चला, चालल्यावर ऊब येईल. आणि आम्ही आणखी पाऊण तास चाललो.

मित्रांनो, भिजणं वेगळं आणि गारठणं वेगळं. आज मी जे बोलतोय ते सगळं या एका वाक्याभोवती आहे. भिजायला घाबरू नका. जुलैत सह्याद्रीत कोरडं राहायचं म्हणाल तर कुठलंही जॅकेट पुरायचं नाही, बाहेरून पाणी नाही आलं तर आतून घाम येईल. माणूस चालत असतो तोवर शरीर स्वतःची उष्णता तयार करत असतं, आणि ओला माणूस दिवसभर मजेत चालू शकतो. पण पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यावर वारा आला, चाल थांबली आणि पोट रिकामं असलं की शरीराचा हिशेब उलटा फिरतो. आतलं तापमान ३७ वरून ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. धारेवर त्या दिवशी हवा वीस अंशांच्या आसपास असेल, एरवी आपल्याला सुखद वाटते तेवढीच.

त्याची लक्षणं आधी दिसतात ती हातात आणि जिभेवर. क्लिप सुटत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, बोलणं जड होतं, सपाटीवरही पाय अडखळतो, माणूस विनाकारण चिडतो नाहीतर गप्प होतो. आणि विचारलं तर तो "बराय" म्हणणारच, कारण स्वतःची अवस्था ओळखणारी बुद्धीच मंदावलेली असते. म्हणून विचारू नका, बघा. दर तासाला एकमेकांना सॅकची क्लिप सोडून लावायला सांगा. मी आता प्रत्येक पावसाळी ट्रेकला हे करतो, कोणी कंटाळलं तरी करतो. कुडकुडणारा माणूस अजून लढतोय असं समजा. कुडकुडणं थांबलं आणि तरीही तो थंडगार असला, तर मात्र एक क्षणही घालवू नका.

त्या धारेवर धनगरांची घरं आहेत. आमच्या नशिबाने त्यातलं एक घर ढगातून अचानक समोर आलं. दारात एक आजी होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, त्या मुलाकडे पाहिलं आणि माझ्याआधी त्यांना कळलं. "पोरा, आधी ती वली कापडं काढ," म्हणाल्या. चहा नंतर, चूल नंतर, आधी ओले कपडे. डॉक्टर हेच सांगतात, याच क्रमाने. त्याला स्वतःला काढता येईनात, जीन्स तर पायाला चिकटून बसली होती, आम्ही दोघांनी ओढून काढली. माझ्या सॅकमधले कोरडे कपडे घातले. आजींनी त्याच्याभोवती घोंगडी गुंडाळली. हातपाय चोळायला गेलो तर हाताला धरून मला मागे सारलं. तेही बरोबरच होतं. गारठलेल्याचे हातपाय चोळायचे नसतात, आधी छाती-पोट गरम व्हायला हवं. तो नीट गिळू शकतो याची खात्री झाल्यावर साखर घालून गोड केलेला कोरा चहा घोट घोट दिला. ब्रँडीबिंडी कोणी सुचवली तर साफ नाही म्हणा. दारूने वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता आणखी निघून जाते.

आता ती घोंगडी. तिच्या एका टोकाला पाणी लागलेलं होतं, तरी ती उबदार होती. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. सुती कापड पाणी पितं आणि अंगाला चिकटून तुमची उष्णता काढत राहतं. मावळात भातलावणीला वाकलेली माणसं बघा. कोणाच्या डोक्यावर इरलं, कोणाच्या डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. पाठीवर पाणी पडतंय, पाय चिखलात, पण पाठ आणि छाती वाऱ्यापासून झाकलेली. पालखीबरोबर दिवे घाट चढणारे वारकरीसुद्धा डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतात आणि चालत राहतात. भिजून चालायचं कसं, हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तुमच्या सॅकपुरतं सांगतो. जीन्स नको, सुती काही नको. वारा अडवणारं विंडचीटर हवं. पोंचो मोकळ्या धारेवर टिकत नाही. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, ते पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात. आणि त्या पिशवीत आणखी एक पिशवी, कपड्यांचा एक जोड, मोजे धरून, फक्त झोपण्यासाठी. तो दिवसा घालायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही. रात्री पाय पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून कोरडे मोजे घालायचे, नाहीतर तिसऱ्या दिवशी चिखल्या होतात आणि चालणं मुश्कील होतं. गूळ-शेंगदाणे सॅकमध्ये नको, खिशात हवेत, थोडं थोडं खात चालायचं. जेवायला अर्धा तास बसलात की तेवढ्यात गारठा धरतो.

ओढ्यांचं थोडक्यात. पाणी गढूळ झालं असेल, गुडघ्याच्या वर असेल किंवा आत दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर उतरायचं नाही. डोंगरातले ओढे लवकर चढतात आणि पाऊस थांबला की लवकर उतरतातही, तासभर आडोशाला थांबा. आणि कोणी म्हणालं की तोरण्यावरून पुढे मोहरीला जाऊ, तिथून नाळेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, कोकणात उतरून रायगड गाठू, तर त्याला हिवाळ्याची तारीख द्या. पावसाळ्यात नाळ ही पाण्याची वाट असते, आपली नव्हे.

त्या रात्री आम्ही आजींच्या घरातच राहिलो. तो मुलगा तासाभराने जोरात कुडकुडायला लागला. तेव्हा मला किती हायसं वाटलं, ते मी सांगू शकत नाही. मग त्याने दोन भाकरी खाल्ल्या आणि झोपला. आजींनी त्याचे मोजे चुलीवरच्या दोरीवर टाकले होते. सकाळी ते पूर्ण वाळले नव्हते, पण गरम होते आणि धुराचा वास येत होता. कोरडा जोड परत पिशवीत बांधायचा आणि कालचे ओलसर कपडे अंगावर चढवायचे, हे त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने ते केलं, काही न बोलता. यावेळी त्याचं गप्प राहणं वेगळं होतं, मी लक्ष ठेवून होतो.

तोरणा आम्ही केला नाही. खिंडीतल्या डांबरी रस्त्याला लागलो आणि त्याच रस्त्याने वेल्ह्याकडे उतरलो. पाऊस कालच्यासारखाच होता. एका वळणावर त्याने मागे न बघता मला हाक मारली, सॅकची क्लिप सोडली, परत लावली, आणि चालू लागला. दुपारी एसटीतून स्वारगेटला उतरलो तेव्हा रस्ता कोरडा होता.