तार दुसऱ्याची

[दृश्य: टेलिफोनचं जुनं बिल. कॅमेरा कॉलच्या आकड्यावर थांबतो.]

फोनच्या तारेवरून नंबर फिरवून इंटरनेट लावायचं, त्या काळी त्याची बिलं दोन असायची. पहिलं इंटरनेट कंपनीचं. ते आधीच चुकतं झालेलं असायचं. दुकानातून ठरावीक तासांचं पाकीट आणायचं, आतला युजरनेम आणि पासवर्ड टाकायचा, झालं. दुसरं बिल टेलिफोनचं. ते मागाहून यायचं, आणि घरात आवाज चढायचे ते या दुसऱ्या बिलावरून. नेटवर घालवलेला प्रत्येक तास टेलिफोन कंपनीच्या लेखी एक लांबलचक कॉल होता. पोरगा चॅट करतोय की अभ्यास, मीटरला त्याचं काही नव्हतं. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून कितीतरी घरांत इंटरनेट सुरूच व्हायचं जेवणं आटोपल्यावर.

या इंटरनेटला डायल-अप म्हणत. ते म्हटलं की सगळ्यांना मोडेमची, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणाऱ्या डबीची, किरकिर आठवते. आपण मात्र या दुसऱ्या बिलाच्या मागे जाणार आहोत, कारण इंटरनेट कंपन्या पुढे कुठे अडल्या ते तिथेच लिहिलेलं होतं.

[दृश्य: मुंबई, फोर्ट. विदेश संचार भवन.]

15 ऑगस्ट 1995. विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याआधी अर्नेट होतं, पण ते आयआयटी आणि संशोधन संस्थांपुरतं. व्हीएसएनएलचं पूर्ण खातं वर्षाला हजारो रुपयांचं. विद्यार्थ्यांसाठी 500 रुपयांचं एक खातं होतं, त्यात चित्रं दिसायची नाहीत. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मग कॉलेजात जाणारा एखादा भाचा-पुतण्या शोधला जायचा आणि त्याच्या नावावर अख्खं कुटुंब ई-मेल पाठवायचं. मुंबईकराचा निदान लोकल कॉल व्हायचा. सांगली-लातूरच्या माणसाला सुरुवातीला मोठ्या शहरात एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा कॉल, लावावा लागे, म्हणजे दुसऱ्या बिलाचा विचारच नको.

नोव्हेंबर 1998 मध्ये सरकारने खाजगी कंपन्यांना दार उघडलं, आणि सताड उघडलं. परवाना शुल्क पहिली काही वर्षं माफ, पुढे वर्षाला एक रुपया. परवान्याचे तीन वर्ग: सगळा देश, एक टेलिकॉम सर्कल (साधारण एका राज्याएवढं), किंवा अगदी छोटा भाग. शेकडो अर्ज गेले. चेन्नईची सत्यम इन्फोवे, पुढे जिला आपण सिफी म्हणून ओळखू लागलो, ती यांत आघाडीवर होती. ऑक्टोबर 1999 मध्ये तिचा शेअर थेट अमेरिकेच्या नॅसडॅकवर लागला आणि महिनाभरात तिने मुंबईच्या राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही वेबसाइट कंपनी विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. किंमत 499 कोटी रुपये. बाटाच्या चपलेवर असतो तसा आकडा! त्या वर्षीची हवाच तशी होती. वेबसाइटवर पैसा ओतला जात होता, आणि गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत पोचायचं कसं, या प्रश्नाकडे कुणी फारसं पाहत नव्हतं.

[दृश्य: मोडेमांनी भरलेलं रॅक, लुकलुकणारे दिवे.]

डायल-अप कंपनीच्या आत एकदा डोकावू या. एका खोलीत मोडेमांची रांग. त्यांना जोडलेल्या लाइनी टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या. अशा एका डिजिटल लाइनवर एका वेळी तीस कॉल मावतात. एकतिसाव्या गिऱ्हाइकाला एंगेज टोन. सगळी गिऱ्हाइकं एकदम येत नाहीत, या भरवशावर कंपनी लाइनींपेक्षा कितीतरी जास्त खाती विकायची. हा अंदाज बरोबर बसवणं हीच या धंद्यातली कसब. चुकला, तर संध्याकाळभर लोक नंबर फिरवत बसायचे.

आता यात टेलिफोन कंपनीचं कसं चाललं होतं बघा. घरून नंबर फिरवणाऱ्याकडून कॉलचे पैसे, आणि ज्याला नंबर लावला त्या इंटरनेट कंपनीकडून लाइनींचं भाडं. दोन्ही टोकांना वसुली. गिऱ्हाईक इंटरनेट कंपनीचं होतं, तार टेलिफोनवाल्यांची. मुंबई-दिल्लीत एमटीएनएल, बाकी देशात टेलिफोन खातं, म्हणजे नंतरचं बीएसएनएल.

खुद्द व्हीएसएनएलही यातून सुटलं नव्हतं. समुद्राखालून मुंबईला येणारी केबल उतरवून घेणारी कंपनी ही. पण फोर्टपासून दादरच्या तिसऱ्या मजल्यापर्यंतची तार एमटीएनएलची.

डायल-अप चालू होतं तोवर हे खपून गेलं. मोडेम सुधारत 56 केबीपीएस (सेकंदाला 56 किलोबिट) वेगापर्यंत आले आणि थांबले. थांबणारच होते. एक्स्चेंजमध्ये, म्हणजे भागातल्या फोनच्या सगळ्या तारा जिथे येतात तिथे, फोनच्या एका कॉलला 64 केबीपीएसचीच जागा असते. त्यात कितीही कोंबलं तरी त्यापुढे जाता येत नाही. मात्र घरात आलेल्या तांब्याच्या त्याच तारेतून कितीतरी जास्त वेग मिळू शकतो. अट एकच. तारेच्या दुसऱ्या टोकाला, एक्स्चेंजच्या इमारतीत, डीएसएलचं, म्हणजे फोनच्या तारेवरून वेगवान नेट देणारं, यंत्र बसवावं लागतं. तेही घर एक्स्चेंजपासून फार लांब नको, आणि पावसाळ्यात चेंबरमध्ये पाणी भरून तार खराब झालेली नको.

इथे कंपन्या अडल्या. ते यंत्र त्या विकत घेऊ शकत होत्या, बसवणार कुठे? एक्स्चेंज दुसऱ्याचं.

[दृश्य: एक्स्चेंजमधली तारांची चौकट, रंगीत जोड्या.]

या प्रश्नावर तोडगा होता आणि तो कागदावरही आला होता. एप्रिल 2004 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने शिफारस केली की घरापर्यंतची तांब्याची तार इतर कंपन्यांनाही भाड्याने मिळावी. बीएसएनएल आणि एमटीएनएलचा विरोध होता. शहरातल्या मलईदार लाइनी खाजगीवाले उचलतील आणि तोट्यातली खेडी आमच्या गळ्यात राहतील, हा त्या बाजूचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ होता असं मला वाटत नाही. पण त्याचा परिणाम काय झाला तेही पाहायला हवं.

14 ऑक्टोबर 2004 ला ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं. ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस, अशी व्याख्या ठरली. तारेबद्दल मात्र सक्ती केली नाही. कंपन्यांनी आपसांत व्यापारी करार करावेत, सरकारची हरकत नाही. ज्याच्या हातात तार, त्याने प्रतिस्पर्ध्याशी राजीखुशीने करार करावा, अशी ही अपेक्षा!

जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलने डेटावन आणि एमटीएनएलने ट्रायबँड बाजारात आणलं. महिन्याला पाचशे-सहाशेच्या आत चोवीस तास चालू नेट, आणि त्याच तारेवर फोनही मोकळा. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडची मोजणीच नव्हती. गजर लावून उठणारी एक अख्खी पिढी त्यातून तयार झाली. तासांची पाकिटं विकणाऱ्यांकडे याला उत्तर नव्हतं.

तारेचा प्रश्न वेगळा सुटला असता तर काय झालं असतं, याचं एक उदाहरण फ्रान्समध्ये आहे. झाव्हिए नील यांच्या कंपनीने 1999 मध्ये 'फ्री' नावाची डायल-अप सेवा सुरू केली. मासिक वर्गणी नाही, फक्त कॉलचे पैसे. आपल्याकडच्या कंपन्यांसारखीच दुसऱ्याच्या तारेवर बसलेली. पण तिथे फ्रान्स टेलिकॉमला आपली तार इतरांना ठरलेल्या दराने देणं भाग पडलं. 'फ्री'ने एक्स्चेंजमध्ये स्वतःची यंत्रं बसवली, आणि 2002 मध्ये फ्रीबॉक्स नावाचा घरात ठेवायचा इंटरनेटचा डबा आणला, महिना 29.99 युरो. आज ती फ्रान्समधल्या मोठ्या टेलिकॉम कंपन्यांपैकी एक आहे.

[दृश्य: उपनगरातली गच्ची. एका इमारतीवरून दुसरीवर गेलेल्या केबल.]

आपल्याकडच्या कंपन्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. चेन्नईच्या डिशनेटने नावातच डीएसएल घातलं होतं; 2004 मध्ये तिचा इंटरनेटचा धंदा व्हीएसएनएलने 270 कोटींना घेतला. व्हीएसएनएल तोवर टाटांकडे गेलं होतं. सिफीने आयवे या नावाने सायबर कॅफे काढले. ज्याच्या घरी पोचता येत नाही त्याला आपल्या दुकानात बोलवायचं, हा साधा विचार आणि काही वर्षं तो चाललाही.

सगळ्यात मजेशीर वाट गच्चीवरून गेली. घरापर्यंत दुसरी एक तार आधीच आलेली होती: टीव्हीची. पण केबलचं जाळं एकाच दिशेने चित्र पाठवायला टाकलेलं. मधले सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर उलट दिशेने काही जाऊ देत नसत. हॅथवेसारख्या मोठ्या केबल कंपन्यांनी काही भागांत ते बदलायला घेतलं. इतरांनी सोपा मार्ग धरला. सिफीसारख्या कंपन्यांनी गल्लीतल्या केबलवाल्याला गाठलं, आणि त्याने गच्चीवरून गच्चीवर सरळ कॉम्प्युटरची लॅन वायर ओढली. जिन्याखाली किंवा टाकीच्या आडोशाला एक स्विच, म्हणजे नेट घराघरांत वाटणारा डबा. त्याला वीज कुणाच्या मीटरवरून, हा सोसायटीच्या सभेतला विषय. लाइट गेली की सगळ्या बिल्डिंगचं नेट बंद. पाऊस, उंदीर, पतंगाचा मांजा, कशानेही बंद. तक्रार करायला लोक चेन्नईच्या कॉल सेंटरला फोन करायचे नाहीत, केबलवाल्याच्या पोऱ्याला हाक मारायचे.

इथे जुनाच पेच नव्या रूपात आला. गिऱ्हाईक ओळखायचं केबलवाल्याला. वर्गणी तोच गोळा करायचा. दुसऱ्या कंपनीने जास्त टक्के देऊ केले, तर एका दुपारीत वायर इकडची तिकडे जोडून सगळी गल्ली घेऊन जायची ताकद त्याच्याकडे होती. एमटीएनएलच्या तारेपासून सुटका झाली होती, पण स्वतःची तार हातात आली नव्हती.

यानंतर कंपन्या हळूहळू घरगुती गिऱ्हाइकापासून दूर सरकल्या. सिफी बँका आणि कंपन्यांची जाळी, नवी मुंबईतली डेटा सेंटर यांकडे वळली आणि त्यावरच टिकली. व्हीएसएनएलचं 2008 मध्ये टाटा कम्युनिकेशन्स झालं.

2004 च्या धोरणात 2010 साठी दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं लक्ष्य होतं. 2010 संपताना त्या एक कोटी दहा लाखांच्या आसपास होत्या, आणि त्यांत निम्म्याहून मोठा वाटा बीएसएनएल-एमटीएनएलचा. साडेतीन कोटींच्या आसपास लँडलाइन असलेल्या देशात. पुढे नेट मोबाइलवर आलं, 2016 मध्ये जिओ आलं, आणि लँडलाइनच घराघरांतून निघू लागली. ज्या तारेसाठी एवढं झगडणं झालं, ती कुणालाच नको झाली.

छोट्या भागाचा परवाना मात्र कामी आला. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत आणि तालुक्यांत आज घरापर्यंत फायबर आणून देणारा माणूस मूळचा केबलवालाच आहे. इंटरनेटचा परवाना त्याने मागाहून काढला.