धाव

जाळ पेटलाय. गोवऱ्यांचं गोल कडं, आणि त्याच्या पोटात पुरलेली लोखंडी धाव. बैलगाडीच्या चाकावर बाहेरून जी पट्टी असते, ती धाव.

शेजारी चाक आडवं टाकलंय. मधे बाभळीचा तुंबा, 12 आरे, घेराचे 6 तुकडे. कुठंही खिळा नाही, सगळं लाकडात लाकूड बसवलेलं. चाक सुतारानं घडवलं. त्याला आवळून धरणारी धाव मात्र घिसाड्याची.

घिसाडी म्हणजे फिरते लोहार. गावाबाहेर पाल टाकायचं, भाता लावायचा, कामं उरकली की पुढचं गाव. उन्हाळ्यात यांची वाट बघितली जायची. उन्हानं लाकूड आकसतं, धाव सैल होते, चाक खडखडायला लागतं. मग धाव उतरवायची, थोडा तुकडा छाटायचा आणि टोकं तापवून पुन्हा जोडायची.

[घणाचे घाव]

घण बाईच्या हातात आहे. नवरा सांडशीनं लाल लोखंड धरतो, हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवतो. त्याच जागी तिचा घण पडतो. पुन्हा टिचकी, पुन्हा घण. दोघांत एक शब्द नाही. घिसाडी घरात बाया घण मारतातच, पिढ्यान्‌पिढ्या. गावानं कारागीर म्हणून नाव घेतलं ते त्याचंच.

धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान करतात. थंड असताना ती चढणारच नाही. 14 फुटांचा घेर 500 अंशांनी तापला, की इंचभर वाढतो. सगळं गणित त्या इंचात. कमी छाटली तर धाव निसटते. जास्त छाटली तर आवळताना आरे वाकतात. मोजायला एक दोरी, आणि तापली का ते बघायला डोळे.

[धाव उचलतात]

तिघं एकदम. टेकवली. लाकडानं पेट घेतला. चहूबाजूंनी घाव, लगेच पाणी.

[वाफ. इथं निवेदन नाही.]

ही कडकड ऐका. धाव आकसतेय, एकेक आरा तुंब्यात घट्ट शिरतोय.

रबरी टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, डांबरी रस्त्यांना लोखंडी धाव नकोशी झाली. कामं गेली.

चाक उभं करून त्यानं गोल फिरवून बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. गाडीचं दुसरं चाक अजून बाकी आहे. ती पुन्हा गोवऱ्या रचायला बसलीय.