भाव सांगण्याआधी डेकखाली डोकावणारा सुतार

श्रोतेहो, नमस्कार.

घराला लागून खांबांवर उभारलेल्या उघड्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकवर, चालताना एखादी फळी पायाखाली दबते, मऊ लागते. आपण म्हणतो, एक फळीच तर बदलायचीय, बोलवा सुताराला. सुतार येतो, उभ्या उभ्या चार फळ्या मोजतो आणि आकडा सांगून मोकळा होतो. त्या आकड्याला लगेच मान डोलावू नका. जो आधी गुडघ्यांवर बसतो, बॅटरी मारून डेकच्या खालची बाजू बघतो आणि भावाचं मग बोलतो, त्याला काम द्या. त्याचा भाव थोडा चढा असला तरी द्या.

लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर या बुरशीचं सहसा काही चालत नाही. म्हणूनच वरची फळी भिजते, वाळते आणि वर्षानुवर्षं टिकते. तिच्याखालचा वासा मात्र सांध्यात साचलेल्या पाण्याने आतून भुसभुशीत होत जातो. लाकडाचं कापलेलं टोक पाणी फार लवकर ओढून घेतं. त्यामुळे जाणकार सुतार बघतो त्या जागा ठरलेल्या असतात: खांबाचा तळ, फळ्यांची टोकं, पायऱ्यांचे सांधे, कठड्याचे खांब जिथे बसवलेत ती जागा. तुम्हीही हे करून बघा. साधा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि अशा ठिकाणी टोचा. धड लाकूड टोक आत घेत नाही. टोक सहज आत शिरलं, किंवा तंतू लांब न निघता तुकड्यातुकड्याने तुटले, तर ते लाकूड गेलं म्हणायचं.

या सगळ्यात एक जागा फार महत्त्वाची. घराच्या भिंतीला धरून एक आडवी तुळई असते आणि वाशांची एक बाजू तिच्यावर टेकलेली असते. कोसळलेल्या डेकच्या तपासात हाच सांधा सुटलेला वारंवार आढळतो. तुळई नुसत्या खिळ्यांवर ठोकलेली असेल तर काळजी करा. खिळा आडवा भार पेलतो, पण ओढ बसली की सरकत सरकत बाहेर येतो. तिथे बोल्ट किंवा जाड, लांब स्क्रूच हवेत. शिवाय तुळईच्या डोक्यावर पत्र्याची पट्टी हवी, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी मागे न झिरपता बाहेर पडतं. अमेरिकेच्या बांधकाम नियमावलीत घरगुती डेकने चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे चौरस मीटरला साधारण १९५ किलो भार पेलावा अशी अपेक्षा आहे. रोज दोन माणसं बसतात तेव्हा हा आकडा उगाच मोठा वाटतो. पण समारंभाला वीस-पंचवीस माणसं एका कोपऱ्यात गर्दी करून उभी राहतात, आणि त्या दिवशी फळ्या नव्या आहेत की जुन्या याला काही अर्थ उरत नाही.

आता सुताराला विचारायचा एक प्रश्न. स्क्रू कोणते वापरणार? विचित्र वाटेल, पण या एका उत्तरात माणूस कळतो. उघड्यावरच्या कामासाठी कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं जे लाकूड मिळतं, त्यात बहुधा तांब्याचे क्षार असतात, आणि ओल आली की ते साध्या लोखंडाला गंजवून खातात. म्हणून गरम जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लागतात. समुद्र जवळ असेल तर स्टेनलेसच. ‘स्क्रू काय, कुठलेही चालतात’ असं उत्तर आलं, तर चहा पाजून निरोप द्या.

डेक जुना असेल तर आणखी एक गोष्ट. पूर्वी या लाकडात आर्सेनिक हे विष असलेलं औषध मुरवत. अमेरिकेत घरगुती वापरासाठीची ही प्रक्रिया २००३ अखेर बंद झाली. असं लाकूड तासायचं, घासायचं असेल तर मास्क हवा, भुसा गोळा करायला हवा, आणि काढलेले तुकडे शेकोटीत तर मुळीच घालायचे नाहीत. सुताराने हे स्वतःहून सांगितलं तर बरंच. कंपोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचंही एक सांगतो. त्या कुजत नाहीत हे बऱ्यापैकी खरं, पण त्यांच्याखालचा सांगाडा बहुधा लाकडाचाच असतो. कुजक्या वाशांवर महागड्या फळ्या बसवून देणारे सुतार आहेत, आणि हौसेने बसवून घेणारे मालकही.

व्यवहाराचं बोलायचं तर काम उक्तं द्यायचं की रोजाने, हा जुना वाद. दार, कपाट, फडताळ अशा कामात सगळं डोळ्यांसमोर असतं; तिथे उक्तं ठरवावं. डेकच्या दुरुस्तीत फळ्या उचलल्याशिवाय खरी अवस्था कळतच नाही. भांडणं होतात ती इथे. सुतार म्हणतो, खाली तीन वासे गेलेत, पैसे वाढतील; आपल्याला वाटतं, हा लुबाडतोय. यावर उपाय असा की दिसणाऱ्या कामाचा भाव उक्ता ठरवा, आणि न दिसणाऱ्यासाठी आधीच दर ठरवा: एक वासा बदलायला किती, एका खांबाला किती. वाढीव काम तुम्हाला दाखवल्याशिवाय सुरू करायचं नाही, हेही बोलून ठेवा. सगळं एका कागदावर उतरवा. लाकूड कुठलं, जाडी किती, सामान कोण आणणार, जुनं लाकूड कोण उचलून नेणार, काम करताना कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची. सांगाडाच बदलायचा असेल तर परवानगी लागते का, याची चौकशी करा. आगाऊ रक्कम सामानापुरती द्या, आणि एक हप्ता शेवटपर्यंत हातात ठेवा.

आता तुम्ही विचाराल, मोठी कंपनी सोडून जवळपासचा सुतार का? त्याला गाठणं सोपं असतं, हे एक झालं. त्याहून मोठी गोष्ट अशी की काम संपल्यावरही लाकूड हलत राहतं. दमट हवेत ते आडवं फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. भर दमट दिवसांत अडकणाऱ्या दाराला एखादा सरसकट रंधा मारून देतो, आणि हवा कोरडी झाली की त्या दाराला बोटभर फट पडते. अनुभवी माणूस आधी बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झालेत का ते बघतो. रंधा मारावाच लागला तर जेमतेम मारतो, आणि उघडी पडलेली कड रंगाने किंवा पॉलिशने बंद करतो. दाराची खालची कडसुद्धा, जी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. असं काम ऋतू पालटला की पुन्हा एकदा बघावं लागतं, आणि त्यासाठी येतो तो जवळचाच माणूस.

त्याचं आधीचं काम बघायला जाल तेव्हा गेल्या महिन्यातलं बघू नका. नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं. दोन-तीन पावसाळे खाल्लेला डेक दाखव म्हणावं. त्या घरच्या माणसांना विचारा, नंतर बोलावलं तेव्हा आला का? शक्य असेल तर आधी छोटं काम द्या: एखादं दार, एखादी कुरकुरणारी पायरी. काम झाल्यावर भुसा झाडून जातो की नाही, तेही बघा.

आणि काम पूर्ण झालं की शेवटचा हप्ता देण्याआधी बादलीभर पाणी भिंतीलगत ओता. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली जायला हवं, तुळईच्या मागे नव्हे. सुतारालाही बरोबर घेऊन खाली वाकून बघा. उरलेली एखादी फळी आणि मूठभर स्क्रू मागून ठेवा, पुढे लागतात. नमस्कार.