खडकात मुरलेलं फॉस्फेट

ठाण्यातल्या एका फ्लॅटचा हॉल. रात्रीचे 11. समुद्री माशांच्या टँकवरचे दिवे बंद झालेत, पण खालच्या कपाटाच्या फटीतून उजेड येतोय. दार उघडलं की दिसतो सम्प, म्हणजे टँकचं पाणी फिरून जाणारी खालची टाकी, आणि त्यात संथ फिरणारा हिरव्या दोऱ्यांचा गुंता. हे चीटो शेवाळ, पाण्यातलं फॉस्फेट शोषून वाढणारं. फॉस्फेटवर इथला खरा इलाज हाच.

वरच्या 200 लिटर पाण्यात हॅचरीत जन्मलेली क्लाउन फिशची जोडी. पोवळी नाहीत. प्रवाळभित्ती उभारणारी पोवळी आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. ती समुद्रातच राहावीत. चुनखडीचे खडक मात्र आहेत, आणि 6 महिन्यांपूर्वी ते असे दिसत होते. केसाळ, हिरवे, कारण जास्त फॉस्फेटवर नको असलेलं शेवाळ माजतं.

आता हे हात बघा. ही फॉस्फेटची चाचणी. काचेच्या बाटलीत टँकचं 10 मिलिलिटर पाणी. त्यात पुडीतली पावडर, अगदी शेवटच्या कणापर्यंत. झाकण लावून हलवायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, काच पुसायची. बोटाचा ठसासुद्धा आकडा चुकवतो. पाण्यावर निळसर झाक चढते. निळा जितका गडद, तितकं फॉस्फेट जास्त. त्या दिवशी मीटरवर आलं 0.41 पीपीएम, म्हणजे दशलक्षात इतके भाग. स्वच्छ प्रवाळ समुद्रात ते सहसा 0.02च्याही खाली असतं.

आलं ते खाण्यातून. फ्रोझन मायसिसचा, म्हणजे गोठवलेल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवांचा, क्यूब चहाच्या गाळणीत कितीही धुवा, थोडंच वाहून जातं. बाकीचं माशांच्या पोटातून पाण्यातच येतं. इथे रोज 2 क्यूब पडायचे. आता अर्धा.

मग आरओच्या पाण्यात मीठ कालवून 40 लिटर पाणी बदललं. मीटरवर 0.33. तिसऱ्या दिवशी पुन्हा 0.39! कारण हे खडक. चुनखडी फॉस्फेट धरून ठेवते आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडते. महिनोन्‌महिने मुरलेलं एका रात्रीत कसं निघेल?

रिॲक्टरमधले, म्हणजे पाणी ज्यातून वाहतं त्या नळकांड्यातले, हे विटकरी दाणे लोह ऑक्साइडचे, फॉस्फेट शोषणारे. चौथ्या महिन्यात ते जास्त पडले, आकडा शून्यावर गेला, वाळूवर तपकिरी चिकट थर चढला आणि गोगलगायी मेल्या. आता दोनच चमचे, दाणे जेमतेम डुलतील इतक्या धारेत.

रविवार सकाळ. चीटोचा गुंता बाहेर येतो. पाणी निथळतं, त्यातून इवले जीव टुणटुण उडतात. एकेक टिपून परत सोडला जातो. मूठभर शेवाळ वर्तमानपत्रावर पडतं. तेवढं फॉस्फेट टँकमधून कायमचं गेलं.

मीटर: 0.07. खडकाच्या सावलीतल्या कडेवर नखाएवढा जांभळा ठिपका: हवंहवंसं, चुन्याचा थर धरणारं कोरलाइन शेवाळ.