बहिणीने वाढवलेलं वय

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं भाषण, थोडं आवरून.)

मंडळी, वेचणीचे दिवस आहेत, पाठी दुखत असतील, म्हणून फार ताणत नाही. ज्याच्याबद्दल बोलणार आहे तोही कापूस वेचणाराच. ऑडी मर्फी. अमेरिकेतल्या टेक्सासचा, बटईने शेती करणाऱ्याच्या घरातला. बारा भावंडं, बाप घर सोडून गेलेला, शाळा पाचवीतच सुटली. आपल्या बाया कमरेला ओटी बांधतात. तिकडे लांबलचक झोळी खांद्याला अडकवून तासातून मागे फरफटत न्यायची. १९४१ मध्ये आई गेली आणि धाकटी भावंडं अनाथालयात.

सैन्यात जायला वय कमी पडत होतं. मोठ्या बहिणीने ते वाढवून लिहून दिलं. हसू नका, इथल्या अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जुलै आहे आणि ती कोणत्या गुरुजींनी लिहिली तेही मला ठाऊक आहे! वजन जेमतेम अर्धा क्विंटल. मरीन या समुद्री सैन्यदलाने परत पाठवलं, शेवटी पायदळाने घेतलं.

दुसरं महायुद्ध, २६ जानेवारी १९४५. फ्रान्समधलं होल्ट्झविर गाव, सगळीकडे बर्फ. समोरून सहा जर्मन रणगाडे, सोबत पायदळ. याने आपली माणसं जंगलात मागे पाठवली आणि स्वतः फोन घेऊन तिथेच थांबला, तोफा कुठे डागायच्या ते सांगत. शेजारी आपलीच रणगाडाभेदी गाडी पेटलेली. कधी फुटेल नेम नाही. तिच्यावर चढून तिच्याच मशीनगनने तासभर एकटा लढला. पायाला जखम, वय एकोणीस. 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं, म्हणजे आपलं परमवीर चक्र समजा.

'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो झळकला, तो पाहून जेम्स कॅग्नी या नटाने हॉलिवूडला बोलावलं. चाळीसच्या वर सिनेमे केले, बहुतेक घोडे-बंदुकांचे. १९५५ मध्ये तर स्वतःच्याच आयुष्यावरच्या सिनेमात स्वतःच नायक. आधी तो तयार नव्हता. कसा असेल? जिथे मरता मरता वाचलो, तेच दहा वर्षांनी कॅमेऱ्यापुढे पुन्हा करायचं! शूटिंगला त्या पेटलेल्या गाडीच्या जागी वेगळ्याच जातीची गाडी आणली होती. सिनेमा मात्र धो धो चालला.

आणि हा माणूस रात्री उशाखाली भरलेलं पिस्तूल ठेवून झोपायचा. झोपेच्या गोळ्यांची सवय लागली. ती सोडवायला मोटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. पुढे कोरिया-व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी तो हे चारचौघांत बोलला. मला त्या पेटलेल्या गाडीपेक्षा हे अवघड वाटतं. सुट्टीवर आलेल्या फौजीला पारावर बसवून आपण सीमेवरच्या गोष्टी विचारतो. 'झोप लागते का रे बाबू?' असं कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही.

२८ मे १९७१ ला विमान डोंगरावर आदळून तो गेला. अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत त्याचा दगड साधा आहे. पदकवाल्यांच्या दगडांवर असतात तशी सोनेरी अक्षरं नाहीत. जन्मसाल कोरलंय १९२४. खरं १९२५.